बिनविरोध गावातली मालनबाई

राहात्यापासून आत वळलं की हे गाव लागतं. गावाला रस्ते चार आणि कमानी तीन. कमानी कशाच्या म्हणाल, तर बिनविरोधाच्या. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की मारुतीच्या देवळात बैठक बसते, गावचे कारभारी आसारामनाना यांच्या तोंडून नावं निघतात, माना हलतात, झालं. मतदान नाही, भांडण नाही. मग वरचे पुढारी खूश होऊन गावाला बक्षीस देतात, आणि ते बक्षीस दरवेळी कमानच का असतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मालनबाईनं विचारलं.

तसा तिचा स्वभावच वाकडा, असं गाव म्हणतं. खरं तर वाकडं काही नाही, दहा जण एका दिशेला निघाले की हिचे पाय आपोआप थांबतात एवढंच. पुतणीच्या लग्नात भावकीतल्या सगळ्या बायकांनी एकाच रंगाच्या साड्या घ्यायचं ठरवलं, तर ही आपली अंजिरी इरकल नेसून पुढे हजर. फोटोवाला म्हणाला, मावशी, जरा बाजूला होता का. ती म्हणाली, "मी नवरीची चुलती हाय, बँडवाली न्हाई." गेल्या वर्षीची गंमत तर आणखी न्यारी. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की सुनील मास्तर गेले. लगेच भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. कुणी फुलं टाकली, कुणी मास्तरांच्या छडीच्या आठवणी. एकट्या मालनबाईनं मास्तरांना फोन लावला, आणि मास्तरांनी तो उचलला. मग आपल्याबद्दल लोक एवढं चांगलं बोलतात हे बघून ते दिवसभर मोबाईल वाचत बसले.

तर यंदाच्या बैठकीत मालनबाईच्या वॉर्डातल्या बायकांच्या राखीव जागेसाठी नानांनी आपल्या सुनेचं, पूजाचं नाव घेतलं. पूजा तिथं नव्हतीच, ती घरी भाकरी थापत होती. माना हलल्या. एवढ्यात मागून मालनबाई म्हणाली, "नाना, चौथी कमान मागितलीय कुनी? शाळंतल्या पोरींच्या संडासाला दार न्हाई."

"वैनी, तो विषय येगळा," नाना म्हणाले. हे नानांचं हुकमी वाक्य. यापुढं गावातला कुठलाही विषय आजवर गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मालनबाईनं राहाता गाठलं आणि अर्ज भरला.

निवडून यायची हौस तिला नव्हती. तिला हवं होतं मतदान. लग्न होऊन आल्यापासून तिनं आमदार निवडले, खासदार निवडले, पण आपल्याच पंचायतीचं बटण एकदाही दाबलं नव्हतं. "दिल्लीला मानूस धाडायला माझं मत चालतं, आन गल्लीत चालत न्हाई व्हय?" असं ती विचारायची, आणि समोरचा चपला शोधायला लागायचा.

माघारीच्या मुदतीपर्यंत मग तिच्या ओट्यावर जत्रा भरली. देवळाचे विश्वस्त आले, भजनी मंडळ आलं, बचत गटाच्या बायका आल्या. सगळ्यांचं पालुपद एकच, गावाची परंपरा मोडते, कमान जाते, आणि तुला मिळणार काय? माहेरचा भाऊ गाडी काढून आला. "आक्का, लोक मला फोन करत्यात," तो म्हणाला. "मग उचलू नको," म्हणत तिनं त्याच्या हातात चहा दिला.

सगळ्यात जास्त हाल झाले नवऱ्याचे. सहादेव म्हणजे होला हो म्हणत आयुष्य काढलेला गरीब जीव. टपरीवर लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. "घरचंबी मत पडायचं न्हाई तुला," तो जेवताना म्हणाला, "हसं हुईल आपलं." तेव्हा मात्र मालनबाईच्या मनात आलं, उद्या गावानं हाक मारणं बंद केलं तर या वयात जायचं कुठं? तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण भीती वाटते म्हणून आपलं म्हणणं चुकीचं, असं काही तिला वाटेना. माघारीचा दिवस तिनं आतून कडी घालून, ज्वारी निवडत काढला.

चिन्हं मिळाली. मालनबाईला शिट्टी, पूजाला कपाट. आणि मग नवल घडलं. पंचायतीसाठी मत मागायला माणसं दारोदार फिरायला लागली. आसारामनाना, पाठीमागं दहा-बारा पोरं आणि पुढं डोक्यावर पदर घेतलेली पूजा. एकही घर सोडायचं नाही, म्हणून मालनबाईच्या दारातही आली.

"वैनी, तुमचंबी मत आमालाच," नाना हसत म्हणाले.

"देईन की. पर उमेदवार कोन, तुमी का ही? हिला बोलू द्या." मालनबाई पूजाकडं वळली. "पोरी, निवडून आलीस तर आधी काय करशील? कमान का दार?"

"तो विषय..." नानांनी सुरुवात केली, पण पूजा बोलून गेली होती. पदराचं टोक तिनं बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. "आधी दार, काकू. आमच्या जाऊबाईंची पोरगी शाळंत दिवसभर पानी पीत न्हाई. जावं लागंल म्हनून."

नानांना जोराचा ठसका लागला. मालनबाईनं त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं.

मतदानाला शाळेत ही भली मोठी रांग. म्हाताऱ्याकोताऱ्या ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. मशीन पुठ्ठ्याच्या आडोशाला, तिथं नाना नाहीत की भावकी नाही. जो तो एकटाच आत जायचा आणि चोरून गूळ खाल्ल्यासारखं हसत बाहेर यायचा.

मोजणीत मालनबाई पडली. पण पडली एका मतानं. ओट्यावर येऊन तिला शहाणपण शिकवणाऱ्यांनीच आडोशाला जाऊन शिट्टी दाबली होती. पूजाच्या विजयाचा गुलाल उधळला, पण नानांचा चेहरा काही खुलेना. गावभर एकच चर्चा, ते एक मत फिरवलं कुणी? सगळ्यांची बोटं सहादेवकडं. टपरीवर त्याला तोंडावर म्हणाले, घरचाच फितूर. बिचारा तरातरा घरी आला.

"देवाशपथ सांगतो, म्या शिट्टीच दाबली. दिवा लागल्याला बघितला या डोळ्यांनी. मग घात केला कुनी?"

"म्या," मालनबाई म्हणाली.

सहादेवनं आधी दाराला आतून कडी घातली.

"पूजाला दिलं म्या मत. अवो, मला बोलायला काय लागतंय, मी जन्माची तोंडाळ. ती पोरगी सासरा शेजारी हुबा असताना बोलली. माझ्यापरीस लई दम हाय तिच्यात."

 बायकोचं म्हणणं त्याला हळूहळू पटत गेलं, आणि पटल्यावर तर फारच हळहळ वाटायला लागली.

"अगं, मग सांगायचंस तरी," तो म्हणाला, "मीबी तिलाच दिलं असतं."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," मालनबाई म्हणाली.