सुनंदाने परत दिलेलं पुस्तक

मंडळी, आज दुपारी धुळ्याच्या स्टँडवर सुनंदा भेटली. शिंदखेड्याच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो.

१९८६-८७ची गोष्ट. शाळेच्या कपाटातल्या कुमार कादंबऱ्या आम्ही दोघी मिळून वाचायचो. मी भरभर वाचायचे, ती सावकाश. तिचं वाचून होईपर्यंत ती मला पान उलटू द्यायची नाही.

आठवीत तिचं लग्न झालं. मी मात्र पन्नाशी ओलांडली तरी त्याच कादंबऱ्या आवडीने वाचते. आजही पिशवीत एक होती. हरवलेला बैल शोधायला निघालेल्या शाळकरी मुलींची.

ती मी सुनंदाला दिली. म्हटलं, "घे, तुला आवडेल."

तिने ओळीखाली बोट ठेवून अर्धं पान वाचलं आणि ती थांबली.

"काय झालं गं?"

"वाचाले येस, पन आते काही वाटत नही. या पोरी इतल्या खूश कशाले शेतस, तेच समजत नही."

"वाचता येतं ना, मग असू दे, घरी नेऊन वाच."

"नको. नुसतं पडी ऱ्हाई."

पुस्तक पदराने पुसून तिने माझ्या हातात दिलं आणि ती गाडीत चढली.

मला वाटायचं, गोष्टींकडे कधीही परत जाता येतं. आज ते खरं वाटत नाहीये. त्या वयात हातातून गेलेलं पुस्तक पुढे कितीही वेळा दिलं, तरी पोचत नाही.

तुमच्यापैकी कोणाचा अनुभव वेगळा असेल तर सांगा. मला तो ऐकायचाय.