साक्षीदार नजर चुकवते

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगून तिनं काय करायचं होतं — जाऊ दे. तू ऐक. मी जज्ज होतो, इथंच, कोल्हापुरात. नव्वदचं दशक सरत आलं होतं.

ज्युरी माझ्या वेळेपर्यंत केव्हाच बंद झाली होती. ती असती तर खरं कोण बोलतंय हे त्या लोकांनी ठरवलं असतं. मी कायदा समजावून सांगायचा आणि शिक्षा सुनावायची, एवढंच. पण आता दोन्ही कामं माझ्याकडेच. आणि मला ते फार आवडायचं — खोटं कशाला बोलू?

हुपरीचा एक चांदी कारागीर. व्यापाऱ्याच्या खुनाचा आरोप. पुरावा काय? अंधारात पळताना कुणीतरी पाहिला म्हणे. बचावाला त्याची बायको उभी राहिली. म्हणाली, त्या संध्याकाळी मालक घरातच हुतं, माझ्यासंगं पैंजण जोडत हुतं. मी मधेच विचारलं, घरात घड्याळ होतं का?

"न्हाय साहेब. पर नवरा घरात हाय का न्हाय, हे घड्याळ बघून कळतंय व्हय?"

अख्खं कोर्ट हसलं. वकील हसले, माझा शिपाई हसला. माझी कानशिलं तापली. एवढ्यावरून? — हो, एवढ्यावरूनच.

साक्ष देताना माणूस कसा वागला, याची टीप जज्ज लिहितो. ती खरी की खोटी, कोण तपासणार? बाई माझ्या डोळ्यांत बघून बोलली होती. ती खरं बोलतेय हे मला कळलं होतं — कळलं होतं, बरं का, शंकासुद्धा नव्हती. मी लिहिलं: साक्षीदार अडखळते, नजर चुकवते, पढवल्यासारखी बोलते.

जन्मठेप दिली. अपील झालं. वरच्या कोर्टानं तिला कुठं पाहिलं होतं? खालच्या जज्जनं स्वतः पाहिलंय, म्हणून माझीच टीप उचलून धरली. काही वर्षांनी अपील फेटाळलं गेलं. तोवर मी बदल्या फिरून पुन्हा इथंच आलो होतो.

त्याच आठवड्यात माझी बढती आली. पेढे वाटले. ती बाई बाहेर बाकावर बसली होती, कागदांच्या नकला मागायला आलेली. शिपायाला म्हटलं, तिलाही दे.

"कशाचं हो?" तिनं विचारलं.

"साहेबांना बढती मिळाली."

तिनं दोन्ही हातांनी पेढा घेतला. पोराला हुईल म्हणाली, आणि पदराच्या टोकाला बांधला.

मी दारातून बघत होतो. मला बरं वाटलं — फार बरं वाटलं.