लाल प्लग, पिवळा प्लग

जोडकाकांचं खरं नाव वसाहतीत कुणाला विचाराल तर माणूस दोन मिनिटं डोकं खाजवेल. छत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात केबली जोडल्या. रस्ता खणलेला, खड्ड्यात काका, वर ताडपत्री आणि काकांच्या मांडीवर शेकडो तारांचा गुंता. एकेक तार शोधून तिच्या जोडीदाराला लावायची. चुकली, तर एकाचा फोन दुसऱ्याच्याच घरात वाजायचा. काका सांगत की त्यांच्या हातून असं एकदाच झालं, आणि त्यातून एक लग्न जमलं. खरंखोटं देव जाणे. हा किस्सा निघाला की बाई नुसता कपाळाला हात लावत.

बाई म्हणजे त्यांची बायको. त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्या बाई. काकाही चारचौघांत त्यांना बाईच म्हणत, घरी मात्र 'अगं'.

निवृत्त झाल्यावर माणसाचं काय करायचं हा प्रश्न घरच्यांना पडतो. काकांच्या बाबतीत तो शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी सोडवला. डॉक्टरांना रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांचा नाद. पोरांच्या खेळण्यातली गाडी नव्हे बरं का, चांगली हातभर लांब, वाऱ्यासारखी सुटणारी. एक दिवस ते वितळलेला प्लग घेऊन दारात उभे राहिले. बॅटरीची तार आणि गाडीची तार जिथे एकमेकींना भेटतात, तो हा प्लग. डॉक्टरांनी दणदणीत मोठी बॅटरी आणली होती, पण प्लग गाडीबरोबर आलेला, पांढरा, बारीक पिनांचाच ठेवला होता. काकांनी चष्मा कपाळावर नेला, प्लग नाकाशी धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, लहान मुलाचे बूट घालून डोंगर चढायला निघालात की तुम्ही." त्या दिवसापासून गोदामामागच्या डांबरी मैदानावर रविवारी जेवढ्या गाड्या पळत, त्या सगळ्यांचे प्लग काकांच्या टेबलावरून जाऊ लागले.

बाई मैदानावर पहिल्यांदा गेल्या त्या काकांचा विसरलेला चष्मा द्यायला. डॉक्टरांनी गंमत म्हणून त्यांच्या हातात रिमोट दिला. बाईंनी तो अर्धा तास परत केला नाही. मग काय विचारता! कुठल्या वळणाला किती आधी हात सोडायचा याचं गणित त्यांच्या डोक्यात असं पक्कं बसलं, की तिशीतले गडी त्यांच्या मागून धूळ खात येऊ लागले. साठी उलटलेली बाई, गळ्यात चष्म्याची दोरी, पायात कापडी बूट, आणि गाडी कुणाला आवरत नाही. गाडी बाईंची, पण तिच्यातला प्रत्येक जोड काकांचा. काकांना याचा केवढा अभिमान! तोंडाने कधी बोलले नाहीत, पण बाईंची गाडी पहिली आली की परत येताना वाटेत शीळ घालत.

आता प्लगचं थोडं सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं रामायण कळायचं नाही. मैदानावर दोन प्लग चालत, एक लाल आणि एक पिवळा. काका लालवाले. लाल प्लग छोटा, चपट्या पात्यांचा. एकदा बसला की गाडी दहा कोलांट्या खाऊ दे, तो सुटणार नाही. पण त्याला तार जोडायची म्हणजे कसब लागतं. पात्यावर तार नुसती टेकवायची, तापलेली कावी, म्हणजे कथील वितळवायची विजेची सळई, लावायची, कथील वितळून पसरलं की कावी उचलायची, आणि मग कथील थिजेपर्यंत दोन सेकंद तार हलू द्यायची नाही. केसभर हलली तरी जोड मातकट, करडा होतो आणि ऐन वेळी दगा देतो. पिवळ्याचं तसं नाही. त्याला मागे दोन छोट्या वाट्या असतात. वाटी कथलाने भरा, तार बुडवा, झालं. तारेला टेकायला भिंत मिळते. काका पिवळ्याला नाक मुरडत. वाटीत तार काय कुणीही बुडवेल, म्हणत, त्याला जोडकाका कशाला हवा.

आणि अशा माणसाचा डावा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा चहाच्या कपाने सांगितलं. मग चिमट्याने. काका डाव्या हातातल्या चिमट्यात तार धरत आणि उजव्या हातात कावी. उजवा शहाण्यासारखा राही, डावा मात्र नेमका त्या दोन सेकंदांत हलायचा. काका गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले, दातांच्या नव्हे, खऱ्या. ते म्हणाले की हा वयाचा कंप आहे, घाबरण्यासारखं काही नाही, चहा कमी करा. काका मनात म्हणाले, तुम्हाला काय जातंय बोलायला. त्यांना घाबरायला एकच गोष्ट पुरेशी होती. बाईंच्या गाडीचा जोड आपल्याला जमेनासा झाला तर आपण मैदानावर कोण? बाईंचे यजमान, पाण्याची बाटली धरून उभे राहणारे.

झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांनी मूठ झाकली. बाई सकाळी फिरायला गेल्या की ते टेबल मांडत. कोपराखाली जाडजूड शब्दकोश घेत, श्वास रोखत, आणि पूर्वी एका फटक्यात होणारा जोड चौथ्या खेपेला साधत. फसलेले करडे जोड पुसून टाकत, बाई यायच्या आत खिडकी उघडून धूर घालवत. चोरून विड्या ओढणाऱ्या माणसाने घ्यावी तेवढी काळजी.

अशात एके दिवशी बाई म्हणाल्या, आपण सगळ्या बॅटऱ्यांना पिवळे प्लग लावू या का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं काकांचं झालं. हिला कळलं, त्यांना वाटलं. माझा हात हलतो म्हणून ही सोपा प्लग मागतेय, आणि वर मला वाईट वाटू नये म्हणून साळसूदपणे विचारतेय. बाईंनी कारणही दिलं, की मैदानावर आता सगळ्यांचे पिवळेच आहेत, अडीअडचणीला कुणाची बॅटरी मागता येईल. काका उखडले. तू कधीपासून मागून खायला लागलीस, म्हणाले, आणि लाल प्लगाच्या थोरवीवर पाव तास व्याख्यान दिलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या. अडतीस वर्षांच्या संसारात काकांनी बाईंची नाना तऱ्हेची 'बरं' ऐकली होती. हे त्यातलं थकलेलं होतं. पण काका स्वतःच्याच तोऱ्यात, त्यांना ते कुठलं कळायला.

त्यानंतर घरात अळीमिळी गुपचिळी. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं जपून वागणं. काका बाईंसमोर चहा घेईनात. कप धरावा लागे ना! बाई समजल्या की यांचा राग अजून गेला नाही.

मग तो रविवार आला. तिसऱ्या शर्यतीत बाई दुसऱ्या होत्या आणि पहिल्याच्या अगदी शेपटाला लागल्या होत्या. कडेला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी कुठून तरी सुटली, वाऱ्याने आत आली आणि बाईंच्या गाडीच्या मागच्या चाकांत गुंडाळली गेली. गाडी जागच्या जागी अडली, आणि तिचं डोकं फिरलं. बाईंनी रिमोटचा घोडा सोडला तरी मोटर थांबेना, नुसती किरकिरत राहिली. अशा वेळी एकच करायचं असतं, बॅटरीचा प्लग ओढून काढायचा. डॉक्टर लांबून ओरडले. बाई धावल्या, गाडीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी प्लग धरला.

काका मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांना वाटलं, एका झटक्यात सुटेल. सुटला नाही. बाई ओढत होत्या आणि त्यांची बोटं प्लगावरून सुटत होती. मोटरमधून जळका वास आला, मग धूर. बाईंनी घाईघाईने पर्समधून काहीतरी काढलं. काका तोवर धावत जवळ पोचले होते, आणि त्यांनी ओळखलं. ती त्यांचीच छोटी पकड होती, जिच्यासाठी त्यांनी महिनाभर घर उलटंपालटं केलं होतं आणि नळदुरुस्तीवाल्यावर विनाकारण आळ घेतला होता. पकडीच्या तोंडाला प्लग खरचटू नये म्हणून कापडाची पट्टी चिकटवली होती. पट्टी मळली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं.

काकांनी खाली बसून दोन्ही हातांनी प्लग धरला आणि ओढला. थरथरणाऱ्या हातातही ताकद शाबूत होती. प्लग सुटला, मोटर गप्प झाली. डॉक्टरांनी गाडी उचलून लांब वाळूच्या बादलीपाशी नेली. ही दोघं मात्र डांबरावर तशीच बसून राहिली. काकांनी बाईंचा उजवा हात उलटा करून पाहिला. अंगठ्याची आणि तर्जनीची पेरं सुजून लाल झाली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वर्ष होईल आता. गाडी चालवताना काही नाही होत. हे घट्ट ओढायचं काम तेवढं जमत नाही."

"मग पिवळा मागितलास तेव्हा सांगायचं नाही का सरळ?"

"तुमचा जीव लालमध्ये. दुखतंय म्हटलं असतं तर त्याच दिवशी सगळे उपटून टाकले असते तुम्ही. मग म्हटलं, पकड आहे की."

काकांच्या तोंडातून निघून गेलं, "आणि मी समजलो, माझा हात थरथरतो म्हणून तू सोपा प्लग मागतेस."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचा हात थरथरतो?"

घ्या! हिला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. इतके महिने जपलेलं गुपित काकांनी आपल्याच तोंडाने ओकलं होतं. स्वतःचे हात लपवण्याच्या नादात दोघांनी एकमेकांच्या हातांकडे बघायचंच सोडलं होतं. बाईंनी त्यांचा डावा हात आपल्या तळव्यावर ठेवून घेतला आणि तो हलताना बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले. काकांनी तो हात काढून घेतला नाही. डॉक्टर पाणी घेऊन आले आणि हे काहीतरी निराळं चाललंय हे ओळखून बाटली खाली ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फिरायला गेल्या नाहीत. काकांनी टेबल खिडकीशी ओढलं, बाईंच्या गाडीच्या सातही बॅटऱ्या ओळीने मांडल्या आणि डॉक्टरांकडून आणलेले पिवळे प्लग काढले. बाईंनी शेजारी खुर्ची घेतली. काकांनी त्यांना एकेक गोष्ट सांगितली, जशी पूर्वी खात्यात नवशिक्यांना सांगत, फक्त न खेकसता. बॅटरीच्या दोन तारा एकदम कधी कापायच्या नाहीत, कात्री दोन्हींना लागली तर ठिणगी उडते. एक कापायची, जोडायची, झाकायची, मगच दुसरी. प्लगाच्या तोंडात त्याचा जोडीदार घालून ठेवायचा, म्हणजे तापून प्लॅस्टिक वाकडं होत नाही. बाईंनी विचारलं, तार आणि प्लग दोघं तापतात, मग कावी आधी कुणाला लावायची? काका खूश झाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही नवशिक्याने विचारला नव्हता.

पहिली तार काकांनी वाटीत बुडवली. हात हलला, तार वाटीच्या भिंतीला टेकली आणि राहिली. कथील चकचकीत थिजलं. दुसरी तशीच. ज्या पिवळ्याला इतके दिवस नाक मुरडलं, तो मुकाट्याने त्यांचा हात सांभाळून घेत होता. काका म्हणाले की आपण आजवर उगाच याची बदनामी केली. बाई म्हणाल्या, "माझीही तशीच करता." काका हसले, तेवढ्यात तिसरी तार बिघडली आणि परत करावी लागली. झालेला प्रत्येक प्लग बाई लावून आणि काढून बघत होत्या. पिवळा जरा मोठा, धरायला जागा देणारा. अलगद सुटायचा. प्रत्येक वेळी बाईंच्या तोंडावर आलेला आनंद बघून काकांना वाटे, आपण वर्षभर हिला किती छळलं.

सातव्या बॅटरीच्या शेवटच्या तारेपर्यंत हात दमला. आता तो असा हलू लागला की वाटीच्या भिंतीलाही आवरेना. काकांनी चिमटा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. थांबू या, दुपारी करू, असं ते म्हणणार होते. बाईंनी आपला तळवा त्यांच्या मनगटाखाली घातला. दाबला नाही, नुसता टेकू दिला. हात थोडा स्थिरावला. काकांनी कावी लावली, कथील वितळलं, तार बुडाली, कावी उचलली. दोघंही श्वास रोखून बसली.

काकांच्या डोळ्यांदेखत कथलावर ती चमक आली आणि टिकली. जोड पक्का झाला होता.

"झालं का?" बाईंनी हळूच विचारलं.

छत्तीस वर्षांत जोडाच्या बाबतीत काका कुणाशी खोटं बोलले नव्हते.

"अजून नाही," ते म्हणाले. "हात काढू नकोस."