करमाडला बसलेली पेटी

स्वयंपाकघरातला कोणताही डबा उघडण्याआधी मी तो उचलून बघते. जड लागला तर खिळे, हलका लागला तर पोहे. ही सवय मला लग्नानं नाही, नवऱ्याच्या निवृत्तीनं लावली. वाळूजच्या एका कारखान्यात तो फिटर होता. नोकरी होती तोवर त्याचा निम्मा संसार तिकडंच राहायचा. निवृत्त झाला आणि दोन गोण्या भरून हत्यारं घरी आली. ती बाहेर पडवीत राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली, कारण तिथं मांडणी होती, डबे होते आणि म्हणे उजेड बरा होता. चमच्यांशेजारी पाने, लाटण्याखाली कानस, तांदळाच्या पिंपावर ड्रिल मशीन. गेल्या दिवाळीत तर त्यानं माझा बेसनलाडवांचा डबा परातीत पालथा केला आणि त्यात स्क्रू भरले. झाकण घट्ट बसतं, असं कारण दिलं.

त्या दिवशी मी सांगितलं, एक तर हत्यारांना पेटी येईल, नाहीतर मी वैजापूरला माहेरी जाईन. माहेरी आता माझी वाट बघणारं कोणी उरलेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो हो म्हणाला, म्हणजे माझा आवाज बराच चढला असणार.

हो म्हणाला आणि मग वर्षभर पेट्या बघत फिरला. मुलाला स्थळं बघावीत तशी. एकीचा पत्रा पातळ, एकीची चाकं कुरकुरती, एकीचे खण नीट सरकत नाहीत. शेवटी जालना रोडवरच्या एका दुकानात एक पसंत पडली. लाल रंगाची, लोखंडी, वरपासून खालपर्यंत खणच खण, उंचीला माझ्या खांद्याएवढी. आणायची कधी, तर खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. नव्या पेटीत हत्यारं मांडूनच ती पूजेला ठेवायची, असं त्याच्या मनात होतं. मला मुहूर्ताशी कर्तव्य नव्हतं. मांडणी रिकामी होणार, एवढ्यावर मी खूश होते.

त्या सकाळी पूजेसाठी मी विळी घासून ठेवली होती, तर हा टेप घेऊन तिची लांबी-रुंदी मोजत बसलेला. मी म्हटलं, "तिला हात लावाल तर बघा." तो गुपचूप उठला आणि दोन्ही गोण्या रिक्षात चढवायला लागला.

"अहो, पेटी आणायला चाललात ना? मग हत्यारं कुठं नेता?"

"बसतात का बघायला. सदरा घेताना अंगाला लावून बघतो का नाही आपण?"

रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी दार लावून घेतलं.

पुढचं मला नणंदेच्या यजमानांकडून कळलं. नणंद माझ्या नवऱ्याहून मोठी, राहते करमाडला. तिच्या यजमानांना आम्ही सगळेच दाजी म्हणतो. त्यांची शेती आहे आणि माल वाहायला स्वतःची छोटी गाडी आहे. दुकानदार पेटी फुकट घरपोच द्यायला तयार होता. आम्ही राहतो हर्सूलला. चहा होईस्तोवर पेटी दारात आली असती. पण दाजी त्या दिवशी झेंडू घेऊन शहरात आले होते, आणि घरची गाडी शहरात असताना पेटी परक्याच्या गाडीतून गेली असती, तर दाजींनी वर्षभर आमच्या घरचं पाणी घेतलं नसतं. सोयरिकीत एवढं सांभाळावं लागतं. दुकानदाराला नको म्हणून सांगितलं गेलं.

दाजी फुलं विकून येईपर्यंत नवऱ्यानं काय करावं? एकेक हत्यार काढून एकेका खणात बसवून बघितलं. दाजी पोचले तेव्हा गोण्या रिकाम्या होत्या आणि पेटी गच्च. दुकानदार म्हणाला, काका, हत्यारं काढा, मग उचलू. काका म्हणाले, जागेवर बसलेलं हत्यार उगाच हलवत नसतात. ती भरलेली पेटी गाडीत चढवायला दुकानातले हमाल, खरेदीला आलेली गिऱ्हाइकं आणि शेजारचा चहावाला, सगळे लागले. "वहिनी, माझी गाडी म्हशीवाणी खाली बसली बघा," दाजी सांगत होते.

आता गाडी हर्सूलकडं वळायला हवी होती. ती गेली उलटी, करमाडकडं. कारण नणंदेचा फोन आला होता. नवमीचं पुरण शिजलंय, भाऊ एवढा जवळ आलाय, तर दोन घास खाऊन जा. जवळ म्हणजे किती, हे तिला कोणी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला पुरणपोळी म्हटलं की रस्ता दिसत नाही.

इकडं मी मांडणी धुतली, पुसली, नवे कागद अंथरले. पडवीत पेटीची जागा झाडून रांगोळी काढली. दुपार टळली तेव्हा फोन आला.

"पेटी बसली," नवरा म्हणाला.

"कुठं?"

"ताईच्या वसरीत."

झालं होतं ते असं. गाडीला संध्याकाळच्या बाजारासाठी पुन्हा फुलं न्यायची होती, म्हणून जेवणं होईतो पेटी वसरीत उतरवून घेतली. ती उतरताना बघून नणंद ताट घेऊनच बाहेर आली. नवी वस्तू दारात आलेली, दिवस खंडेनवमीचा आणि आत भावाची सगळी हत्यारं. तिनं पेटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. नवरा आत पोळीवर तूप ओढून घेत होता, त्याला पत्ता नाही. जेवून उठला आणि म्हणाला, चला, निघू. तर ही दारात आडवी.

"पूजेला बसल्याली हत्यारं हलवत्यात व्हय? उद्या शिलंगण होऊ दे, सोनं लुटू दे, मग ने."

मग तिनं फोन हातात घेतला आणि मलाही समजावलं. "आगं, नेम मोडला तर लई वंगाळ. तू काळजी करू नको, पेटीला इथं काय बी व्हत नाय."

"आणि गाडी, ताई? तीही पूजेचीच की."

"गाडीची पूजा उद्याला. आज तिला फुलं न्यायचीत."

नेमधर्म नणंदेला तोंडपाठ आहे, आणि कुठला कधी लावायचा हेही.

संध्याकाळी मी पाट मांडला. दरवर्षी पाटावर पुढं त्याचे पाने, पकडी, हातोड्या. माझी विळी मागं, भिंतीला टेकून. फुलंसुद्धा तिच्यापर्यंत पोचता पोचता संपायची. यंदा पाटावर ती एकटी, मधोमध. मी तिला सगळी फुलं वाहिली. मला वाटलं होतं, मजा येईल. नाही आली. घरात कुठं काही आपटत नव्हतं, कोणी माझ्या डब्यांची झाकणं काढत नव्हतं, आणि मला चक्क करमेना.

दसऱ्याला सोनं लुटून झालं, तरी पेटीचा पत्ता नाही. हत्यारं मोकळी झाल्याबरोबर नणंदेनं भावाला नळ दाखवला होता. नळानंतर दाराची कडी, कडीनंतर दाजींचा फवारणीचा पंप, मग शेजाऱ्यांची पाण्याची मोटर. दुसऱ्या रात्रीही तो तिथंच राहिला. फोनवर त्याचा आवाज ऐकून मला नवल वाटलं. निवृत्तीनंतर त्याला कोणी काही विचारायला येत नव्हतं, आणि तिकडं वसरीत माणसं वाट बघत बसली होती. मला खरंच बरं वाटलं. तेवढ्यात मोरीतल्या नळाचं ठिबकणं ऐकू आलं. त्या नळाला त्यानं कधीपासून चिंधी बांधून ठेवली आहे. मग बरं वाटायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, तेव्हाच मी सावध झाले.

"मी काय म्हणते, पेटी ऱ्हाऊ दे इथंच. वसरीत लई शोभती. तुमच्याकडं जागा तरी कुठाय? हत्यारं गोणीत भरून देते. गोण्या तुमच्याच हायेत."

गोणी हा शब्द ऐकला आणि मी आधी मांडणीकडं बघितलं. पेटी करमाडला आणि खिळे पुन्हा माझ्या डब्यात. वर्षभर वाट बघून, धुतलेली मांडणी पुन्हा त्याच्या हवाली. पण मोठ्या नणंदेशी भांडून जिंकलेली भावजय मी अजून पाहिलेली नाही. म्हणून मी भांडले नाही. गोड बोलले.

"ठेवा की ताई. तुमचीच आहे. फक्त पेटीशिवाय ह्यांना झोप लागायची नाही, तेव्हा ह्यांनाही ठेवून घ्या. माझी काही हरकत नाही. पहाटे चहा लागतो, उजाडल्यावर पुन्हा लागतो. आणि ताई, तुमच्या शेवयांच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं का हो?"

"बसतं की. का गं?"

"काही नाही. एकदा उचलून बघा."

तिकडून डबे सरकवल्याचा आवाज आला. मग एक धाडकन आवाज, जो शेवयांचा असूच शकत नाही. मग नणंद बोलली, पण माझ्याशी नाही, वसरीकडं तोंड करून. "आरं, उन्हाळाभर वळलेल्या शेवया व्हत्या त्या. कुठं वतल्यास?"

दिवस मावळायच्या आत गाडी हर्सूलला आमच्या दारात उभी होती. नणंदेनं पेटीची माळसुद्धा काढली नव्हती, इतकी तिला घाई. गल्लीतल्या सगळ्यांनी हात लावला, दाजी "हळू, हळू" म्हणत लांब उभे राहिले, आणि पेटी अखेर माझ्या शिळ्या रांगोळीवर टेकली.

सगळे पांगल्यावर नवरा मला एकेक खण ओढून दाखवायला लागला. पाने मापानं लावलेले, पेचकस ओळीत, कानशी कापडात गुंडाळलेल्या. मी कौतुक करत होते, पण मनात शेवया होत्या. सगळ्यात खालचा खण त्यानं ओढला. त्यात नुसता कागद अंथरलेला. खण मोठा, खोल आणि पूर्ण रिकामा.

माझा पारा चढला. "एवढी जागा मोकळी असताना ताईंच्या डब्यात कशाला हात घातलात?"

"करमाडच्या लोकांनी जुने नट-बोल्ट दिले, ते बाकी खणांत मावेनात."

"मग ह्यात टाकायचे."

"ह्यात कसे टाकणार? हा विळीचा आहे," तो म्हणाला. "मापून घेतलाय." मग खणाची कड बोटानं पुसत म्हणाला, "तीही हत्यारच आहे. दरवर्षी मागं बसते, भिंतीला टेकून. मला दिसत नाही व्हय?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते फक्त मलाच दिसतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी ओरडले की मग कांदा चिरायला मी रोज पडवीत येऊन बसू काय.

विळी स्वयंपाकघरातच राहिली. पण तो खण मी सोडला नाही. त्याला वेगळं कुलूप आहे आणि किल्ली माझ्या जुडग्यात आहे. दिवाळीचे बेसनलाडू झाले तसा मी डबा भरून त्या खणात ठेवला, मुकाट्यानं. परवा नवरा मांडणीसमोर उभा राहून एकेक डबा उचलून बघत होता. जड लागला की आशेनं झाकण काढायचा आणि निघायची डाळ. मी विचारलं, काय शोधताय? काही नाही म्हणाला. पेटी सोडून त्यानं सगळं घर शोधलं होतं.