बोरीच्या चौकातला दुसरा फलक

पोलिसात आयुष्य गेलं. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि माणसांचं नवल वाटणं जवळजवळ संपलं होतं. तरी बोरीच्या चौकातला एक फलक आठवला की आजही मी मनातल्या मनात हात जोडतो. असं का, ते सांगायला हवं.

तेव्हा मी परभणीला सायबर ठाण्यात होतो, निवृत्ती जवळ आलेली. एका सकाळी फ्लेक्स छापणारा दुकानदार आला. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, नोकरी लागली म्हणून अभिनंदनाचे लय बोर्ड छापले मी. पाथरीचं पोरगं, सेलूचं पोरगं, बोरीची पोरगी. कंपनी एकच, पद बी एकच. पण बोर्ड लावून महिने झाले, कामावर कुणी गेलेलं दिसंना."

आमच्याकडे नोकरी लागली की हजर व्हायच्या आधीच चौकात फलक लागतो, पेढे वाटले जातात, शाल-नारळ होतो. रीत चांगली आहे. पण या प्रकरणात चोराने नेमकी तीच हेरली होती.

फलकासाठी दुकानदाराकडे आलेल्या नेमणूकपत्रांवरच्या नंबरचा आणि त्याला जोडलेल्या बँक खात्याचा माग काढत आम्ही परभणीतल्याच एका भाड्याच्या खोलीत पोचलो. तिथल्या तरुणाला चौकशीला आणलं. शिकलेला, नीटनेटका. माझ्यासमोर बसून चहा मागून प्यायला.

"किती जणांना फसवलंस?" मी विचारलं.

"कुणाची फिर्याद हाय का साहेब?" तो हसला. "पेढे वाटलेला माणूस ठाण्यात येत नसतो."

असा संताप आला म्हणता! पण बेटा बोलला ते खरं होतं. नेमणूकपत्र स्टेटसला लावा, आनंद वाटा, असं तोच उमेदवारांना सांगायचा. ते पाहून मित्रमैत्रिणी नंबर मागायच्या, म्हणजे पुढचं सावज आपोआप हजर. फिर्यादी नाही, साक्षीदार नाही. नोटीस देऊन त्याला सोडावं लागलं.

मग फलकांवरच्या पोरांच्या घरी गेलो. पाथरीच्या मुलाने "पुढच्या महिन्यात जॉईनिंग हाय" म्हणून सांगितलं. सेलूत आम्हाला पोहे खाऊ घालून गोड बोलून वाटेला लावलं. राहिली बोरी.

साध्या वेषात गेलो, सोबत एक महिला कॉन्स्टेबल. मुलीचे वडील मेंढरं-शेरडं राखणारे. मी ओळख सांगितली, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला साहेब. पोरगी ड्युटीवर हाय. ऑनलाईन."

खोलीचं दार बंद होतं. अंगणात लेंड्या होत्या, पण जनावर एकही नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं, तसं त्यांनी लांबच्या एका बाभळीकडे हात केला.

"शेरडं तिकडं नेली. इथं वरडायली की तिच्या साहेबाला आवाज जातो म्हणं. पाणी डोक्यावर न्यावं लागतंय, पण लेकीसाठी एवढं करावंच लागतंय की."

मुलीने दार उघडलं. इस्त्रीचा ड्रेस, कानात इअरफोन, आणि समोर स्क्रीन बंद असलेला मोबाईल. कॉन्स्टेबल तिच्याजवळ खाली बसली. हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलाखत झालीच नव्हती, नुसते मेसेज. लगेच नेमणूकपत्र. मग ट्रेनिंगचे भरा, लॅपटॉपचे भरा, आणि शेवटी त्याने तिचा नंबरच ब्लॉक केला.

"तोवर बोर्ड लागला होता, सर. मंग कुणाला सांगू? रोज आंघोळ करून इथं बसायलेय. वडिलांना सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो. "पण तुझं स्टेटस पाहून आणखी कुणी नंबर घेतला का?"

आता मात्र ती रडली. जिंतूरची एक मैत्रीण होती. तिची आई गंठण गहाण ठेवून उद्या पैसे भरणार होती. मुलीने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, "तुला लागली, आता मला लागायली म्हणून जळायलीस." आणि फोन कट.

बाभळीकडून एक शेळी ओरडल्याचा आवाज आला. मुलगी उठली, बाहेर गेली आणि वडिलांना एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

वडील जमिनीवरच बसले. हात उगारतील या धास्तीने मी पुढे सरकलो. बाभळीकडे पाहत ते म्हणाले, "म्हंजे शेरडं उगंच उन्हात बांधली म्हणायची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, बोर्ड मीच लावला. सगळ्या गावानं बघितला. आता हे बी बघू द्या."

मी म्हणालो, नुसती फिर्याद द्या, चारचौघांत सांगायची गरज नाही.

"गपचूप दिली तर माझी मैत्रीण कशी वाचंल, सर?" मुलगी म्हणाली.

त्याच संध्याकाळी त्याच खांबावर नवा फलक लागला, तिच्या त्याच फोटोचा. "ही नोकरी खोटी होती. मी फसले. खरी नोकरी देणारा आधी पैसे मागत नाही. तुम्हीही फसला असाल तर उद्या माझ्यासोबत ठाण्यात चला." त्याचाच फोटो तिने स्टेटसला टाकला. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, असला मजकूर जिंदगीत पहिल्यांदा छापला."

लोक जमले, वाचू लागले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मुलगी फलकाखालीच उभी होती, हलली नाही. शेजारी घोंगडी खांद्यावर टाकून बाप. माझ्या अंगावर वर्दी नव्हती, तरी हात आपोआप कपाळाकडे गेला. एवढ्या नोकरीत इतकं धाडस मी पाहिलेलं नाही, आणि माझ्यात ते आहे असंही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाथरीचा मुलगा जीपने आला. सेलूचे बापलेक आले. नावंही माहीत नसलेले कितीतरी आले. उशिरा ती मैत्रीण आली, मान खाली घालून, आईला घेऊन. आईच्या गळ्यात गंठण होतं. गुन्हा दाखल झाला आणि त्या तरुणाला अटक करून आणलं. व्हरांड्यातली गर्दी पाहिल्यावर त्याने चहा मागितला नाही.

खोट्या नोकरीच्या खुणा लोक मला विचारतात. मुलाखत नाही, फी आधी, घाई फार. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. पण चोर जगतो तो आपल्या लाजेवर, हे मला त्या मुलीने शिकवलं, आणि तेच मी आधी सांगतो.

साक्षीचं समन्स द्यायला पुन्हा बोरीला गेलो, तेव्हा शेरडं परत खिडकीखाली बांधलेली होती. अशी ओरडत होती की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. वडील मोठ्याने हसले आणि म्हणाले, "आता वरडा म्हणलं, काय वरडायचं ते."