नवलसरांनी निवडलेली सूची

नवल पाटील सरांचा स्वभावच संशयी. गवळ्याच्या देखत ते दुधात बोट बुडवून पाहत, आणि दूध पाहून झालं की गवळ्याच्या तोंडाकडे पाहत. नंदुरबारच्या नव्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मिरची सडवणाऱ्या बुरशीवर पुणे विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत. या डॉक्टरेटवर त्यांनी सगळा जीव लावला होता.

कोणी कुठे काय संशोधन केलं, ते थोडक्यात सांगणारी, दरमहा अंक निघणारी एखादी संदर्भसूची कॉलेजात हवी होती. प्राचार्य म्हणाले, "एकच मागवा." एक होती विलायती, जाडजूड. दुसरी दिल्लीची, चोपडीएवढी. पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले, "दिल्लीची घ्या. आपल्याकडचं नवं काम तिच्यात लवकर येतं."

झालं! सरांच्या मनात पाल चुकचुकली. एवढा आग्रह कशाला? दिल्लीत यांचा कोणी मेहुणा बसला असणार.

सरांचे वडील मिरचीचे दलाल. पोत्याच्या तोंडावरची लालभडक मिरची त्यांनी कधी खरी मानली नाही. कोपरापर्यंत हात घालून ते तळाचा माल बाहेर काढत. पोरानं सूच्याही तशाच पारखल्या. दोन्हींचे जुने खंड मागवले. विलायतीत मिरचीवरचे जुन्यातले जुने निबंध सापडले, दिल्लीच्या सूचीत त्यातले निम्मे गायब. नवे अंक सरांनी उघडलेसुद्धा नाहीत. वरचा माल काय, कोणीही सजवतो. विलायती सूची सुरू झाली. ती बोटीनं येई, आणि आपल्याकडचं काम तिच्यात छापून यायला दोन-दोन वर्षं लागत, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

"कोणावरच इस्वास नही तुम्हना," त्यांची बायको बेबीबाई म्हणायची.

प्रबंध टाइप करायला द्यायचा, अशा वेळी मार्गदर्शकांनी दिल्लीच्या सूचीचा एक मागचा अंक समोर सरकवला. हैदराबादच्या कोणा संशोधकानं तीच बुरशी, तेच निष्कर्ष केव्हाच छापले होते. मार्गदर्शक म्हणाले, "आता हा विषय सोडावा लागेल."

सरांचा चेहरा दगडासारखा झाला. चोरी! दुसरं काय? पुण्यातूनच कोणीतरी माझे कागद तिकडे पोचवले. त्यांनी ग्रंथालयातून तो मूळ निबंध काढून घेतला आणि चोर पकडायच्या तयारीनं ओळ न् ओळ वाचली.

शेवटच्या पानावर त्यांचंच नाव होतं. नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी एका शेतकी मासिकात दोन पानांचं टिपण दिलं होतं. ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं. त्या माणसानं लिहिलं होतं, 'नंदुरबारची मिरची मी पाहिलेली नाही. तिथल्या रोगाबद्दल श्री. पाटील यांचं निरीक्षण मी खरं धरून चाललो आहे.'

घरी बेबीबाईनं विचारलं, "सापडना का चोर?"

"चोर नही शे तो," सर म्हणाले. "माले वळखत नही, तरी त्यानी मन्हं खरं मानं."

प्रबंध गेला तेव्हा कोरडे राहिलेले त्यांचे डोळे आता भरून आले.