हत्तीच्या मागच्या पायावरची खाच

मुरबाडच्या बाजारपेठेत भांड्यांचं एक दुकान होतं. पुढं नवी भांडी, मागं मोडीत आलेल्या तांब्यापितळेचा ढीग. त्या ढिगातून अधूनमधून जुनी नाणी निघत. नव्वदीच्या दशकात मी त्या दुकानदाराचं गिऱ्हाईक झालो आणि दहाएक वर्षं राहिलो. तो माणूस आज दारात आला तर मी त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही. तेवढाच राग मला स्वतःचा येतो. उरलेला वाटा एका गुरुजींचा.

गुरुजी शहापूरच्या एका शाळेत शिकवायचे. पिढीजात शेती, गावात मान, आणि माझ्यासारखाच जुन्या नाण्यांचा नाद. पहिल्यांदा आम्ही त्या दुकानातच भेटलो. मी एक झिजलेलं नाणं उजेडात धरून म्हणालो, हे झाड बोधिवृक्ष असावं. गुरुजी दुकानदाराकडं बघून हसले. "ह्यांच्या लोकांना झाड दिसलं की बोधिवृक्षच दिसतो." माझ्याकडं बघून बोलले असते तर निदान तिथल्या तिथं उत्तर देता आलं असतं. त्या दिवसापासून ते दुकानात असले की मी समोरच्या टपरीवर थांबायचो, आणि मी असलो की ते बाहेरूनच परत फिरायचे. दुकानदार हे सगळं बघत होता. मला वाटतं, त्याचा खरा धंदा तिथून सुरू झाला.

एके दिवशी त्यानं गल्ल्याखालून फडक्याची पुरचुंडी काढली. आत तांब्याचं नाणं. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला कठड्यातलं झाड, वर हिरवा गंज.

"टोकावड्याच्या पुढं, घाटाखाली शेतात गावलंय. तुमच्या बुद्धाचं झाड हाय दादा, म्हनून तुमच्यासाठी ठेवलंय. त्या गुरुजीला दाखवलं पन नाय. तुमी बी दाखवू नका."

घाटाखाली म्हणजे नाणेघाटाची जुनी वाट. सातवाहनांच्या काळी तिथून माल चढायचा हे मी वाचलं होतं, त्यामुळे गोष्ट लगेच पटली. कुणाच्या शेतात, हे मी विचारलं नाही. जमिनीत सापडलेलं जुनं नाणं सरकारात द्यावं लागतं हे मला ठाऊक होतं, आणि मला ते द्यायचं नव्हतं. माझा हा चोरटेपणा त्याच्या चांगलाच पथ्यावर पडला.

आता लाजेची गोष्ट. मी वाशिंदच्या एका कारखान्यात ओतीव माल तपासायला होतो. भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली, कडेला साच्याच्या जोडाची रेघ राहिली, की तो भाग मी बाजूला फेकायचो. खिशात कायम भिंग आणि जाडी मोजायचं व्हर्नियर. या जातीची तांब्याची नाणी ठशानं ठोकून पाडलेली असतात. त्यांची नक्कल साच्यात ओततात. म्हणजे जे ओळखण्याचा मला पगार मिळत होता, नेमकं तेच ओळखायचं होतं. मी काय केलं? नाणं घरी आणलं आणि भिंग न लावता कपाळाला लावलं.

मग ते आमच्या गावच्या विहाराला दिलं. काचेची पेटी करून घेतली, आत कार्ड ठेवलं: ‘बोधिवृक्ष. सातवाहनकाळ.’ लोक खूश झाले. वंदना झाली की म्हाताऱ्या बाया पेटीसमोर फूल ठेवू लागल्या. माझ्या बाबांना ते खपलं नाही. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडून आलेला तो माणूस. ते म्हणाले, "ती टोपली रिकामी करायला आमाला किती जड गेलं, तुला नाय कळायचं. तू परत भरू नको." मी म्हटलं, "बाबा, हा देव नाही, पुरावा आहे. आपण इथे कालपरवा आलो नाही, याचा." खरं तर ते उत्तर बाबांना नव्हतंच. मी अजून गुरुजींशीच भांडत होतो.

काही वर्षांनी मुलीच्या दाखल्यासाठी मला गुरुजींच्या शाळेत जावं लागलं. ऑफिसात काचेचं कपाट होतं. त्यात एक नाणं, मागं छोटा आरसा. पुढं सोंड उंचावलेला हत्ती, आरशात कठड्यातलं झाड. कार्डावर ‘कल्पवृक्ष. सातवाहनकालीन’, आणि खाली भेट देणारे म्हणून गुरुजींचं नाव. हत्तीच्या मागच्या पायावर एक तिरपी खाच होती. माझ्या नाण्यावर त्याच जागी तशीच होती. ठोकून पाडलेली दोन नाणी इतकी जुळत नाहीत, आणि वापरात पडलेली खाच तर ज्याची त्याची असते. तेवढ्यात गुरुजी आले.

"कपाट उघडा," मी म्हणालो.

"तुम्ही कोण सांगणार?"

"हेच नाणं माझ्याकडं आहे. खाचेसकट."

त्यांनी कपाट उघडलं. भिंगाखाली सगळं होतं: बारीक छिद्रं, आणि कडेवर घासून पुसट केलेली जोडाची रेघ.

"माझं खरं असेल. तुमचं ह्याच्यावरून ओतलं असेल."

मी त्यांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग कडेवरून भिंग फिरवलं.

"तुम्हाला दाखवू नका म्हणाला होता तो," गुरुजी शेवटी म्हणाले.

"मलाही हेच म्हणाला."

नाणं विकत घेण्याआधी ते आपल्याला पाण्यात पाहणाऱ्या माणसाला दाखवावं. कौतुक करणारे खूप मिळतात. दोष शोधायला असाच माणूस लागतो. मला तो फुकट मिळाला होता आणि मी त्याला टाळत राहिलो.

गुरुजींनी कपाटाला कुलूप लावलं. "बाहेर बोलू नका. मीही नाही बोलणार." मी मान हलवली. आमचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते खोटं झाकण्यावर.

विहारातलं नाणं भिंगाखाली धरलं: तीच छिद्रं, तीच रेघ. मग दुकानदाराला जाऊन मी तोंडाला येईल ते बोललो. तो पातेलं पुसत म्हणाला, "एकाच राजाची नाणी दादा, सारखीच असनार ना!" आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळला.

त्या रविवारी विहारात पंचशील म्हणायला नेहमीसारखा मी पुढं बसलो. तीन शीलं म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. समोर पेटी, पेटीपुढं जास्वंदीचं फूल. मागच्या बायांनी ते शील माझ्याशिवाय म्हटलं. बाबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर कार्ड बदललं. ‘हे नाणं खोटं आहे. साच्यात ओतलेलं. मी न तपासता आणलं.’ खाली माझी सही. गुरुजींचं नाव मी कुठंच घेतलं नाही. त्यांच्या कपाटातलं कार्ड अजून तसंच आहे असं ऐकतो. त्यावर सही करायची तर त्यांनी करावी.

विहारात मात्र गलका झाला. गावाची अब्रू घालवलीस म्हणाले. एक जण तर पेटी उचलून नदीत टाकायला निघाला. बाबा उठले, त्याच्या हातातून पेटी घेतली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. "आता कुनी फूल ठेवनार नाय."